वन बाय टू चहाचा नफा

रविवार, चौदा डिसेंबर. जामबाग, दुकानाचा वरचा मजला. हजर: मालक, मी, छताच्या तुळईच्या काळजीने आलेले घरमालक यादगिरी गारू (तेलुगूतले 'राव'), कौस्तुभ आणि त्याच्या गटातले पाच जण, कस्टममधून सुटून आलेलं एक मोठं खोकं. गैरहजर: वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी. त्यांना बोलावलं नव्हतं.

कुठलीही गोष्ट अशी हजेरी मांडून सुरू केली की मला बरं वाटतं. मालक यावर हसतात. "बाई, तुम्ही लग्नातसुद्धा आधी वऱ्हाड मोजत असाल," म्हणतात. मोजते. जेवणाच्या पंगती कुणाला तरी लावाव्या लागतातच.

आमचं दुकान विमानातून उडी मारणाऱ्यांना लागणारं सामान विकतं. चष्मे, म्हणजे गॉगल, हातमोजे, हेल्मेट, मनगटावर बांधायचं उंचीचं घड्याळ, छत्री, म्हणजे पॅराशूट, आणि हार्नेस. हार्नेस म्हणजे खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांखालून जाणाऱ्या पट्ट्यांचा सांगाडा. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, एक नेहमीची आणि एक राखीव. हार्नेस परदेशातली कंपनी ज्याच्या-त्याच्या मापाने शिवून पाठवते. आम्ही तिचे डीलर. हैदराबादेत असं दुकान चालतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खालच्या मजल्यावर वह्या-पुस्तकं घ्यायला आलेली कॉलेजची मुलं जिन्यावरून वर डोकावतात आणि आम्हाला सर्कसवाले समजून परत जातात.

जिना चढून आलं की समोर फळा दिसतो. गौलीगुड्यातल्या कुठल्याशा शाळेने काढून टाकलेला, लाकडी चौकटीचा काळा फळा. इतर दुकानांत अशा जागी भाव लिहितात. मालकांनी त्यावर आपला नफा लिहिला आहे. आकड्यांत नाही, खाण्यापिण्यात. कारण डॉलर रोज हलतो, भूक हलत नाही, असं ते सांगतात. फळ्यावर खडूने लिहिलेलं असं:

गॉगल – जेवण.
हातमोजे – जेवण, वर पान.
हेल्मेट – नाश्ता.
उंचीचं घड्याळ – चहा, उस्मानिया बिस्किटासह.
हार्नेस – वन बाय टू चहा.
छत्री – पाणी.
राखीव छत्रीची घडी – जेवण, मांडी घालून.

वन बाय टू म्हणजे एक कप दोघांत. शेवटची ओळही समजावून सांगायला हवी. राखीव छत्री वापरली नाही तरी ठरावीक काळाने उघडून, तपासून पुन्हा घडी घालावी लागते, आणि ते काम परवाना असलेल्या माणसानेच करायचं असतं. मालकांकडे तो परवाना आहे. सामान काही मागवायचं नसतं, कस्टम नाही, डॉलर नाही. दोन हात आणि लांब टेबल. म्हणून मांडी घालून जेवण.

नवीन गिऱ्हाईक फळा वाचतं आणि थबकतं. सगळ्यांचा समज असा, की सर्वांत महागडी वस्तू विकणारा सर्वांत जास्त कमावतो. खरं तर उलटं आहे. छत्री एवढी महाग, की तिच्यावर थोडं जरी जास्त लावलं तरी गिऱ्हाईक थेट परदेशातून मागवेल. गॉगल स्वस्त, हरवणारा, ओरखडे पडणारा. तो दुसऱ्या देशातून मागवण्याची तसदी कुणी घेत नाही. मालकांचं वाक्य असं: "आपण छत्री विकतो आणि गॉगलवर जगतो. पण छत्री नाही ठेवली, तर गॉगल घ्यायला जामबागेत कोण येणार?"

एखादा पोरगा मोबाइलवर परदेशी दुकानाचा भाव काढून दाखवायचा, तर मालक रागवायचे नाहीत. "हौ, स्वस्त आहे. चल, मोठ्या पडद्यावर बघू," म्हणून ते दुकानातल्या संगणकावर तेच पान उघडायला लावायचे. मग मी बसून मोठ्याने वाचायची: विमानाचं भाडं, कस्टम ड्युटी, बँकेचा डॉलरचा दर, कार्डाचं शुल्क. आणि शेवटी, अंगाला बसलं नाही तर परत पाठवायचा खर्च. हे सगळं मिळवून झालं की उरलेला फरक मालक फळ्यावर खडू टेकवून दाखवायचे. "एवढा. वन बाय टू. यातला अर्धा कप तुलाच पाजतो, बस." आणि खरंच खालच्या इराणी हॉटेलातून चहा मागवायचे.

मी इथे आले ती कोठीतली आमची कचेरी बंद पडल्यावर. मुलाखत अशी काही झाली नाही. मालक गळ्यात शिंप्याची टेप घालून टेबलावर पसरलेल्या छत्रीवर ओणवे झालेले होते. वर न बघता म्हणाले, "लटकून बघणार?"

"साडीत लटकणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला लटकवा. कोण कधी लटकलं आणि कुठे टोचलं ते मी लिहून ठेवीन."

"उद्यापासून या," ते म्हणाले.

लटकणं काय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुकानाच्या मधोमध तुळईला एक लोखंडी हूक आहे. हार्नेस घेणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याच्या मापाच्या जवळचा नमुन्याचा हार्नेस घालून त्या हुकावर लटकायचं. जमिनीवर उभं असताना कुठलाही हार्नेस बरा वाटतो. पाय सुटले की खरं कळतं. कुठली पट्टी मांडीत रुतते, कुठली खांद्यावरून घसरते, ते सगळं मी लिहून घ्यायची. मालक समोर खुर्चीवर बसून चहा घेत गप्पा मारायचे. गिऱ्हाईक वर, मालक खाली, अशी बोलणी चालायची. लटकलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही, हे माझं निरीक्षण आहे. तो "काका, थोडं कमी करा ना" म्हणायला तोंड उघडतो आणि बाहेर पडतं, "काका, डावा पाय गेला." मालक म्हणायचे, "हेच विचारायला वर टांगलंय. लिहा बाई, डावा पाय."

यादगिरी गारूंना ही तुळई म्हणजे पोटचं पोर. दर महिन्याला भाडं घ्यायला येत, तेव्हा आधी वर बघत.

"सेठ, बीम मेरा है, गिराकां तुम्हारे. कल को बीम नीचे आया तो कौन भरताय?"

"कैकू परेशान होते, गारू? गिराक को सलामत नीचे उतारना, येइच तो अपना धंदा है."

गारू "अय्यो" म्हणायचे, हूक हाताने ओढून बघायचे आणि भाडं खिशात घालून जायचे.

हा हूक आधीपासून नव्हता. त्याची गोष्ट मालक स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, म्हणून मलाही सांगायला हरकत नाही. मालकांच्या वडिलांचं गौलीगुड्यात गणवेश शिवायचं दुकान होतं. निजामाच्या काळात नांदेडकडची शेती भावांवर सोडून हे घराणं इकडे आलं आणि शाळांच्या खाकी चड्ड्यांवर उभं राहिलं. मालक त्याच दुकानात माप घ्यायला शिकले. गणवेशाच्या मापाचा एक नियम असतो: टेप अंगाला टेकवायची नाही, खाली दोन बोटं सरकवायची. पोर वाढतं आहे, बापाला पुढच्या जूनमध्ये पुन्हा यायला लावायचं नाही. ती दोन बोटं म्हणजे त्या दुकानाची अब्रू होती. मुलं सातवीतून आठवीत गेली तरी चड्डी तीच.

मालकांनी डीलरशिप घेतली तेव्हा पहिला हार्नेस मागवला तो सिकंदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांसाठी. माप मालकांनीच घेतलं, नेहमीच्या सवयीने, प्रत्येक ठिकाणी दोन बोटं सोडून. छातीला दोन बोटं, मांडीला दोन बोटं, खांद्यापासून कमरेपर्यंत दोन बोटं. हार्नेस आला. अधिकाऱ्यांनी घातला, सगळे पट्टे आवळले, आरशात बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "भाई, इसमें तो मैं और मेरी मिसेस दोनों आ जाएँगे. दोनों को साथ कूदना है क्या?"

ढिला हार्नेस म्हणजे नुसती शिलाईची चूक नव्हे. छत्री उघडताना जो हिसका बसतो त्यात माणूस पट्ट्यांतून सरकू शकतो. कंपनीने कळवलं, तुम्ही दिलेल्या मापानेच शिवला आहे, परत घेणार नाही. मालकांनी दुसरा हार्नेस स्वतःच्या खर्चाने मागवला. पुढे बराच काळ विकलेले सगळे गॉगल त्या एका हार्नेसने खाल्ले.

त्यानंतर हूक आला. आणि तो ढिला हार्नेस मालकांनी टाकला नाही. त्याचं नाव 'थोरला'. तो भिंतीवर टांगलेला असतो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधी थोरल्यात लटकवायचं, म्हणजे चूक कशी लागते ते अंगाला कळतं. मग बरोबर मापात. आणि माप घेताना मालक डाव्या हाताची पहिली दोन बोटं दुमडून त्यांवर रबर बँड चढवतात. बोटं मोकळी असली तर अजून आपोआप टेपखाली शिरतात, म्हणे. इतकी वर्षं झाली तरी.

अनोळखी माणसाला ते रबर बँड विचित्र वाटतं. मोठ्या गाडीतून आलेला एक उद्योगपतीचा मुलगा त्यांच्या हाताकडे बघून हळूच मला म्हणाला, "मॅडम, अंकल को फ्रॅक्चर हुआ क्या?" मालकांनी ऐकलं. "हौ, बचपन में. शाळेच्या चड्डीत," ते म्हणाले. मुलाला काही कळलं नाही, पण तो मुकाट्याने लटकला.

आता चौदा डिसेंबरकडे येते. त्यासाठी सप्टेंबर सांगावा लागेल.

कंपनीने डीलरांसाठी सूट ठरवताना पायऱ्या ठेवल्या आहेत. वर्षात जास्त हार्नेस मागवले तर वरची पायरी, कमी मागवले तर खालची. कंपनीचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. आम्ही मधल्या पायरीवर होतो, आणि ती टिकवायला त्या महिन्यात आणखी सहा हार्नेस मागवणं भाग होतं. खालच्या पायरीवर गेलो असतो तर वन बाय टू चहासुद्धा उरला नसता, नुसता वास. मग हार्नेस बंद. हार्नेस बंद तर गॉगलला कोण येणार? म्हणजे दुकानच बंद. मी हे मालकांना कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "येतील सहा," म्हणाले. हा माणूस आशावादी नाही, खात्रीने बोलतो. दोन्हींत फरक आहे, आणि पंधरवडा उरलेला असताना तो फरक मला फारसा दिलासा देत नव्हता.

मग कौस्तुभ आला. मूळचा पुण्याचा, हायटेक सिटीतली नोकरी सोडलेला, अंगाने भरलेला, बोलायला गोड. मोठ्या समारंभांत रंगीत छत्र्या घेऊन मैदानात उतरणारा सहा जणांचा गट त्याने उभा केला होता. त्याला सहा हार्नेस हवे होते. मी पेन खाली ठेवलं आणि मनात देवाला नमस्कार केला.

कौस्तुभने फळा वाचला. "काका, हे तुम्ही ओपनली लिहिता? मार्जिन कोणी दाखवतं का?"

"झाकलं तर तू जास्त धरशील. दाखवलं तर तुला माझी दया येईल."

"दया नाही, डिस्काउंट पाहिजे," कौस्तुभ म्हणाला. त्याच्याकडे लॅपटॉपवर तक्ता होता; तीन देशांतले भाव. "सहा पीस घेतोय. हा वन बाय टूसुद्धा वन बाय फोर करा."

मालकांनी खडू घेतला आणि 'हार्नेस' समोरचे शब्द पुसून टाकले. जागा कोरीच ठेवली.

"घे. सगळा चहा तुझा. खरेदीच्या भावात सहा. पण सहाही जणांचे गॉगल आणि हातमोजे इथून, आणि राखीव छत्रीची घडी इथे, दरवेळी."

कौस्तुभने तक्ता बघितला. तक्त्यात गॉगल नव्हते. घडी तर नव्हतीच. "डन," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

मी तोंडावर काही दाखवलं नाही. सहा हार्नेस फुकट गेले, असं आधी वाटलं. पण मग मनातल्या मनात मांडणी केली: पायरी टिकली, सहा जणांचं जेवण आलं, वर पान, आणि मांडी घालून जेवण वर्षानुवर्षं. चहा सोडून या माणसाने स्वयंपाकघर मिळवलं होतं. त्या दिवशी मालकांबद्दलचा माझा आदर एका पायरीने वर गेला, आणि ती पायरी कुठल्या कंपनीच्या कोष्टकात नाही.

एक अडचण होती. सौद्यात चूक झाली तर भरपाई करायला आता नफाच उरला नव्हता. सहांपैकी एक जरी ढिला किंवा घट्ट आला तर तो पूर्ण आमच्या अंगावर. म्हणून मालकांनी सहाही जणांना बोलावलं. पाच जण लटकले, पाच जणांची मापं झाली. गटातली श्रावणी नावाची मुलगी थोरल्यात लटकल्यावर इतकी किंचाळली, की यादगिरी गारू खालून धावत वर आले. "एमैंदी? क्या हुआ? बीम गया?" बीम जागेवर होता.

शेवटी कौस्तुभ. तो हुकाजवळ आलाच नाही. मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, माझं माप यातलं घ्या. मी डाएटवर आहे. हार्नेस येईपर्यंत मी बारा किलो कमी झालेलो असेन. हे बघा, ॲप प्रोजेक्ट करतंय. कंबर, मांडी, सगळं देतंय."

मालक चष्मा वर करून बराच वेळ ते बघत राहिले. "फार छान. ॲप लटकणार का तू?"

"काका, प्लीज. आजच्या मापाने घेतला तर डिसेंबरात तो मला थोरला होईल."

"आणि ॲपच्या मापाने घेतला आणि तू असाच राहिलास, तर तुला तो चढणारच नाही. माझ्या वडलांनी जन्मभर वाढणाऱ्या अंगाचं माप घेतलं. त्यात मी एकदा आपटलो. आता घटणाऱ्या अंगाचं घेऊन दुसऱ्यांदा आपटू? माप आजचं."

मी मध्ये पडले. "त्याच्याकडून लिहून घेऊ ना. माप त्याचं, जबाबदारी त्याची. सही करेल."

"सही कागदावर राहील, बाई. माणूस हवेत असेल."

कौस्तुभ खट्टू झाला, भांडला मात्र नाही. "मग माझा राहू दे काका. पाच पाठवा. मी बारीक झालो की येतो." गॉगल मात्र त्याने घेतला, डोक्याला डाएट लागत नाही.

ते गेले. दुकानात मी आणि मालक. पाच मापं टेबलावर. कंपनीला सहा हवी होती, आणि ऑर्डर जायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी.

"कौस्तुभचं ॲपचं माप पाठवू या," मी म्हटलं. "नाही बसलं तर बघू पुढे."

मालकांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या हातात दिली. "घ्या."

"कुणाचं?"

"मी आहे ना उभा. आजचं अंग, आजचं माप."

"तुम्ही?" या माणसाने आयुष्यात कधी उडी मारलेली नाही. इतकंच नाही, इतकी वर्षं लोकांना त्या हुकावर टांगलं, पण स्वतः कधी लटकले नाहीत.

"सहावा पाहिजे ना? मग? आला की विकू."

मी टेप उचलली, तर म्हणाले, "थांबा." खिशातून रबर बँड काढून माझ्यापुढे धरलं. "दोन मुलगे वाढवलेत तुम्ही. त्यांचे कपडे कसे घेतलेत?"

"एक नंबर मोठे," मी कबूल केलं.

"म्हणूनच. तुमच्या हातावर माझा अजिबात विश्वास नाही."

मी मुकाट्याने दोन बोटं दुमडली आणि रबर बँड चढवलं. छाती घेतली, खांदे घेतले. कमरेला टेप लावली तर आकडा फारच सभ्य आला. मी वर बघितलं. मालकांचा चेहरा लाल झालेला, श्वास धरलेला.

"पोट सोडा."

"सोडलंय."

"मालक, माप आजचं."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग एक मोठा उसासा आला, त्यामागून पोट आलं. मी खरा आकडा लिहिला. ॲपवाल्या पोराला दिलेलं भाषण आणि हे पोट यांच्यात फारसं अंतर नव्हतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. फॉर्मवर रंग विचारला होता. मालक म्हणाले, शेवंतीचा पिवळा. पाठीवर नाव भरून हवं का, असंही विचारलं होतं; कंपनी ते फुकट करते. "ते कोरं ठेवा. नाव घातलं की विकला जात नाही," ते म्हणाले. मी रकाना कोरा ठेवला. सहा हार्नेसची ऑर्डर गेली. पायरी टिकली.

पण सहाव्या हार्नेसचे पैसे अडकले, ते काही कमी नव्हते. मी तेव्हापासून त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधू लागले. बुटका, रुंद खांद्यांचा, पुढून गोल, आणि विमानातून उडी मारायची हौस असलेला माणूस. मंगल कार्यालयात, नामपल्ली स्टेशनवर, बँकेच्या रांगेत मी परक्या पुरुषांच्या कमरांकडे बघायला लागले. माझ्या वयाच्या बाईला हे शोभत नाही, हे मला कळत होतं. एकदा एका गृहस्थांच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी रांगच बदलली. योग्य मापाचे पुष्कळ भेटले. उडी मारणारा एकही नव्हता.

चौदा डिसेंबरला खोकं उघडलं. एकेक जण लटकला. श्रावणी, तिच्यामागून चौघे. मालक प्रत्येकाच्या पट्ट्याखाली बोट घालायचा प्रयत्न करत होते, आणि बोट शिरत नव्हतं. पाचही बरोबर. कौस्तुभ नुसता बघायला आला होता. तो बारीक झाला होता, पण बारा किलोंनी नव्हे, आणि ॲपने दाखवलेली कंबर अजून त्याच्यापासून बरीच लांब होती. मालकांनी त्याच्या कमरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच दिवशी मी फळ्यावर हार्नेसपुढे पुन्हा 'वन बाय टू चहा' लिहिलं.

खोक्यात तळाशी पिवळा हार्नेस होता. मी तो बाहेर काढला, विकायचा म्हणून पाठ झटकली, आणि थांबले. पाठीवर काळ्या धाग्यात, मराठी अक्षरांत, मालकांचं नाव भरलेलं होतं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

"मी रकाना कोरा ठेवला होता," मी म्हटलं.

"हौ," मालक म्हणाले. "मी मागून कळवलं."

"नाव घातलं की विकला जात नाही, असं तुम्हीच…"

"म्हणूनच घातलं."

आधी कौस्तुभने शिट्टी वाजवली. मग पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि मालक हार्नेसमध्ये शिरले. पट्टे मी आवळले. गारूंनी दोन्ही हातांनी तुळईला खालून आधार दिल्यासारखा पवित्रा घेतला. पोरांनी मालकांना उचलून हुकाला अडकवलं. मालकांचे पाय सुटले. गळ्यातली टेप लोंबत होती. ते हळूहळू गोल फिरले: फळा, खिडकी, थोरला, मी.

"काका, कुठे टोचतंय?" श्रावणीने विचारलं.

मालकांनी छातीवरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली; ती शिरली नाहीत. "कुठेच नाही," म्हणाले. "बापाची दोन बोटं गेली, बाई. इतक्या वर्षांनी आज गेली."

कौस्तुभ खालून म्हणाला, "काका, खाली उतरवायचा चार्ज लागेल. वन बाय टू."

"घडीत वळता करून घे. बाई, यादी काढा."

मी वही उघडली. मालक वर लटकलेले, मी खाली खुर्चीवर, अशी आमची बोलणी झाली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी कौस्तुभच्या गटाच्या विमानात एक जागा. सोबत उडी मारणारा शिकवणारा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र. नीट बांधता येतील असे बूट. आणि शेवटी, जरा थांबून, "तुमच्या वहिनींना सांगणे."

"हे तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मला जमणार नाही."

"अहो, अनोळखी गिऱ्हाइकाला तुम्ही नफा फळ्यावर लिहून दाखवता!"

"ते अनोळखी आहेत," मालक म्हणाले. "जबाबदारीपुढे लिहा: बाई." आणि हुकावर एक गोल फिरून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. शेवंतीच्या पिवळ्या पाठीवर त्यांचं पूर्ण नाव.

आता जानेवारी लागला आहे, नामपल्लीचं प्रदर्शन सुरू झालं आहे. जागा ठरली. शिकवणारा ठरला. प्रमाणपत्र आलं, डॉक्टर म्हणाले, पोट सोडलं तर सगळं उत्तम. बूट मीच आणून दिले, मापाचे, एक नंबर मोठे नव्हेत. या सगळ्यांपुढे खुणा झाल्या आहेत. यादीतली शेवटची ओळ तेवढी उरली आहे.

काल वहिनींचा फोन आला. त्या रोज डबा पाठवतात आणि डब्यामागून फोन करतात.

"बाई, हे हल्ली घरात पोट आत घेऊन चालतात. डॉक्टरांना दाखवायला हवं का हो?"

"दाखवलं वहिनी."

"मला कसं नाही बोलले? काय म्हणाले डॉक्टर?"

"ठणठणीत आहेत म्हणाले. कशालाही हरकत नाही."

"कशाला म्हणजे?"

समोर मालक छत्रीच्या टेबलावर ओणवे झालेले. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

"वहिनी, तुम्ही उद्या दुकानात या," मी म्हटलं. "फळा बघायला. तुम्ही बऱ्याच दिवसांत बघितला नाही."

त्या आज यायच्या आहेत. सकाळीच मी फळा स्वच्छ पुसून घेतला, सगळं पुन्हा नीट लिहिलं, आणि राखीव छत्रीच्या खाली मालकांच्या उडीसाठी एका ओळीची जागा सोडली. खडू हातात आहे. काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि जिन्यावर चपला वाजतायत.